मेणबत्ती आणि फिनेल

(२६ नोव्हेंबरच्या युवक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता आपण उभं राहून संविधानाची प्रास्ताविका म्हटली. मग २००८ साली आजच्या रात्रीपासून मुंबईत मारल्या गेलेल्या १६६ माणसांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहिलो. तारीख एकच, उभं राहणं दोनदा. प्रास्ताविका म्हणताना माझा आवाज नीट लागतो. त्या दोन मिनिटांत मात्र माझं काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दोन मिनिटांत मला रडू येतं आणि त्याच दोन मिनिटांत भयंकर रागही येतो. गोळ्या घालणाऱ्यांचा राग सगळ्यांनाच येतो, त्यात माझं विशेष काही नाही. मला राग येतो तो मेणबत्ती लावणाऱ्यांचा.

असं बोललं की माणूस लगेच देशद्रोही ठरतो. ठरवा. पण आधी ऐकून घ्या.

माझा बाप मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात चतुर्थ श्रेणीत होता. वॉर्डात लागला होता, पुढं शवागारात बदली झाली. शवागारात कोण काम करतं हे तुम्हाला सांगायला नको. गावात मेलेलं ढोर आम्ही ओढायचं, शहरात मेलेलं माणूस. बदल एवढाच की शहरात पगारपत्रक असतं. बाप रोज घरी आला की आधी मोरीत जायचा. कितीही साबण लावला तरी फिनेलचा वास जायचा नाही. माझ्या लहानपणी बापाचा वास म्हणजे फिनेलचा वास. शाळेत पोरं नाक दाबायची म्हणून मी बापाचा डबा नेऊन द्यायला जायचो नाही. हे पण लिहून घ्या. मी काही जन्मतः विद्रोही नव्हतो.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. तेव्हा आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत. मी अठरा वर्षांचा. त्या दिवशी कटकला भारत-इंग्लंड मॅच होती, त्यामुळे चाळीत घरोघरी टीव्ही चालू. रात्री साडेनऊच्या सुमाराला बातमी आली, कुलाब्याला गोळीबार. कुणी म्हणालं गँगवॉर असेल. मग सीएसटी. मग विलेपार्ल्याला टॅक्सी उडाली. मग कामा इस्पितळ. बाप दुसऱ्या पाळीला गेलेला. त्याच्याकडं फोन होता, पण तो कामावर असताना उचलायचा नाही.

त्या रात्रीपासून शनिवारी सकाळपर्यंत टीव्हीवर एकच चित्र. ताजचा घुमट आणि धूर. आई टीव्हीसमोरून हलत नव्हती. मध्येच तिनं मला विचारलं, "त्या हाटेलाशिवाय दुसरं कायच दाखवत नाहीत का रे? स्टेशनातली माणसं कुठं नेली? तुझा बाप यात कुठंय?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आज जे बोलतोय ते आईच्या त्या प्रश्नाचंच उत्तर आहे.

बाप शनिवारी दुपारी घरी आला. मोरीत गेला तो तासभर बाहेर येईना. जेवला नाही. रात्री उशिरा एवढंच बोलला: "अंगठ्याला चिठ्ठी बांधतो आम्ही. नाव म्हाईत असलं तर नाव, नसलं तर अनोळखी. त्या चिठ्ठीवर जातीचा रकाना नसतो. जन्मभर बांधत आलो, पण ह्या तीन दिवसांत पहिल्यांदा ध्यानात आलं."

आणि दुसरी गोष्ट त्यानं सांगितली ती कितीतरी वर्षांनी. मेलेल्यांच्या खिशात मोबाईल वाजत होते. सीएसटीला मेले ते लांबच्या गाडीची वाट बघणारे. गावी निघालेले. त्यांच्या गावाकडून फोन येत होते. उचलायचे नाहीत असा हुकूम होता. एका फोनवर सारखं 'घर' असं नाव यायचं. बापानं तो उचलला. पलीकडून एक बाई म्हणाली, "कहाँ तक पहुँचे?" बापानं फोन ठेवून दिला. तेव्हापासून आमच्या घरात फोन वाजला की तो उठून बाहेर जातो. अजूनही.

आता सत्काराची गोष्ट. पुढच्या वर्षी त्याच इस्पितळात 'त्या रात्रीच्या वीरांचा' कार्यक्रम झाला. डॉक्टर लोकांना शाली, सिस्टरांना गुच्छ. ते बरोबरच होतं, त्यांनी जीव तोडून काम केलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शवागारातल्या एकालाही नाव घेऊन बोलावलं नाही. बोलावलं होतं ते खुर्च्या मांडायला. बापानं खुर्च्या मांडल्या, कार्यक्रम होईपर्यंत मागं भिंतीला टेकून उभा राहिला, मग खुर्च्या उचलल्या. घरी मी तडतडलो. अर्ज करू म्हटलं, पेपरात देऊ म्हटलं. बाप शांतपणे म्हणाला, "सत्कारासाठी प्रेतं उचलली नव्हती मी." च्यायला, यावर काय बोलणार? तो मोठा होता. मी मोठा नाही. माझ्या डोक्यात ती खुर्ची अजून आहे.

म्हणून मी स्वतःला विचारतो, की बाबा रे, तुझा राग मेलेल्यांसाठी आहे की तुझ्या बापाला शाल मिळाली नाही म्हणून आहे? खरं सांगतो, दोन्ही आहे. पण नुसतं तेवढंच असतं तर मी इथं उभा राहिलो नसतो.

जरा हिशेब मांडू. त्या हल्ल्यात एका ठिकाणी सर्वांत जास्त माणसं मेली ती कुठं? ताजमध्ये नाही, ट्रायडंटमध्येही नाही. सीएसटीला. पन्नासहून जास्त. बोचकी, पेट्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेली माणसं, हिंदू आणि मुसलमान एकाच फरशीवर. पण सव्वीस अकरा म्हटलं की डोळ्यापुढं घुमट येतो, फरशी येत नाही. ३ डिसेंबरला गेट वे ऑफ इंडियावर हजारोंची गर्दी लोटली. मेणबत्त्या, फलक, टॅक्स भरणार नाही म्हणून घोषणा. दक्षिण मुंबईचा पांढरपेशा पहिल्यांदा रस्त्यावर आला होता. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण त्यांच्या घोषणा ऐकून मला वाटलं, यांना मरणाचा धक्का बसलेला नाही, मरण आपल्या पत्त्यावर आलं याचा धक्का बसलाय.

कारण मुंबई त्याआधी काय कमी मेली होती? ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये ११ मिनिटांत ७ स्फोट, १८०हून जास्त माणसं गेली. ती तारीख देशात किती जणांना पाठ आहे? दुसऱ्या दिवशी लोकल सुरू झाल्या आणि सगळे म्हणाले, काय मुंबईचं स्पिरीट! स्पिरीट कसलं साहेब, रोजंदारी बुडाली असती. त्या खटल्यात १२ जणांना शिक्षा झाल्या, आणि २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं त्या बाराच्या बारा जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच मेला होता. निकालाविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकोणीस वर्षांनी मेलेल्यांच्या घरच्यांनी कुणाकडं बघायचं?

आणि ११ जुलै म्हटलं की आपल्याला अजून एक साल आठवतं. १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या घातल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी विलास घोगरेंनी जीव दिला. ही आठवण आपण दर वर्षी काढतो, आपणच काढतो. तिथं राष्ट्र येत नाही. तिथं दोन मिनिटं गप्प उभे राहतो ते आपण, आणि राष्ट्र वर्षभर गप्प असतं.

पण मित्रांनो, इथंच मला थांबायचं आहे. कारण असा हिशेब मांडत गेलं की एक घाणेरडा मोह होतो. तुमचे मेले तर आमचे पण मेले, मग आम्ही तुमच्यासाठी का रडायचं? मी त्या मोहात पडलेलो आहे. एका वर्षी मी शांततेच्या वेळी मुद्दाम बसून राहिलो. विद्रोह केला म्हणे! शेजारी एक म्हातारी उभी होती. कार्यक्रम संपल्यावर कळलं, तिचा पोरगा त्या रात्री स्टेशनात गेलेला. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या दिवशी समजलं, माझा विद्रोह माझ्या खुर्चीपुरता होता.

मग मी मेणबत्तीच्या उजेडाबाहेरची माणसं शोधू लागलो. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचा माणूस, सहायक फौजदार. हातात लाठी. समोर एके-४७. त्यांनी ती बंदूक नळीला धरली आणि गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला आणि कट उघडा पडला. करकरे, कामटे, साळसकर कामाच्या बाजूच्या गल्लीत पडले. कामा इस्पितळात एका परिचारिकेनं वीस गरोदर बायांना आतल्या खोलीत हलवून दारं लावली. तिथले दोन पहारेकरी ठार झाले. मागच्या वस्तीत राहणारा एक सफाई कामगार त्याच्या राहत्या जागी मारला गेला. सीएसटीला एका उद्घोषकानं माईक सोडला नाही, लोकांना कुठून बाहेर पडायचं ते सांगत राहिला. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत तर दहा जण होडीतून उतरले तेव्हाच कोळ्यांनी हटकलं होतं.

यांची जात मला ठाऊक नाही. विचारायचीही नाही. बापाच्या चिठ्ठीवर तो रकाना नव्हता. पण यातली बहुतेक कष्टाची माणसं आहेत, रोज ठरल्या वेळेला कामावर जाणारी माणसं आहेत. ही आठवण त्यांची आहे, म्हणजे आपली आहे. ती हॉटेलवाल्यांना आणि चॅनेलवाल्यांना आंदण का द्यायची?

चॅनेलवाल्यांचंही ऐका. ते तीन दिवस त्यांनी कमांडो कुठून उतरतात तेसुद्धा थेट दाखवलं. २०१२ साली कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल त्यांना झोडपलं. आणि ती बिर्याणी! कसाब तुरुंगात बिर्याणी मागतो म्हणून सगळा देश पेटला होता. मी पण पेटलो होतो. नाक्यावर उभा राहून, आमच्या पोरांना शिळा भात आणि याला बिर्याणी, असं ओरडलो होतो. २०१५ साली सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितलं की बिर्याणीची गोष्ट त्यांनी रचली होती. मी ओरडलो ते कशावर? एका बनावट ताटावर. आपला राग इतका स्वस्त असतो का, की कुणीही यावं आणि वापरावा?

२१ नोव्हेंबर २०१२. कसाबला येरवड्यात फाशी झाली. चाळीत फटाके, पेढे. मी पेढा घेऊन बापासमोर गेलो. त्यानं तो हातात घेतला नाही. म्हणाला, "मेलेल्याचा पेढा मी खात नाय." मी म्हटलं, "अहो, त्यानं एवढी माणसं मारली!" तर म्हणाला, "म्हाईत आहे. मी मोजलीत." यापुढं मला काही बोलता आलं नाही.

चाळीत माझा एक दोस्त होता, मुसलमान. तो त्या दिवशी सगळ्यांत जास्त पेढे वाटत होता. सगळ्यांत मोठ्यानं घोषणा देत होता. मला तेव्हा ते सहज वाटलं. आता समजतं, त्याला ते करावं लागत होतं. मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्ताननं मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मूठभर माती द्यायला नकार दिला होता. तरीही दर सव्वीस नोव्हेंबरला त्याला नव्यानं परीक्षेला बसवतात. देशावर प्रेम आहे हे सिद्ध कर म्हणतात. ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. आपल्याला जन्मभर, तू लायक आहेस हे सिद्ध कर, असं म्हणत आलेत. मग आपण त्याच्या परीक्षेत पर्यवेक्षक व्हायचं?

या आठवणीच्या जोरावर कायदे झाले. डिसेंबर २००८ मध्ये राष्ट्रीय तपास संस्था, एनआयए, जन्माला आली. त्याच महिन्यात यूएपीए कायदा कडक झाला, जामीन जवळजवळ अशक्य झाला. तेव्हा कोण विरोध करणार? घुमटातला धूर अजून डोळ्यांत होता. पुढं एल्गार परिषद प्रकरणात याच एनआयएनं, याच कायद्याखाली, आनंद तेलतुंबडे यांना अटक केली. बाबासाहेबांचे नातजावई, जातीवर पुस्तकं लिहिणारा माणूस. अटकेची तारीख १४ एप्रिल २०२०. बाबासाहेबांची जयंती! उच्च न्यायालयानं जामीन दिला आणि ते तळोजा तुरुंगाबाहेर आले ती तारीख २६ नोव्हेंबर २०२२. म्हणजे आजचीच. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण माझ्या बापानं ज्यांची प्रेतं उचलली, त्यांच्या नावानं झालेला कायदा फिरत फिरत आपल्याच दारात येऊन उभा राहिला.

आणि त्याच राज्यात दुसरी गोष्टही घडली, ती आपण विसरतो. ज्याला सगळ्या जगानं बंदूक घेऊन चालताना पाहिलं त्या कसाबलाही वकील मिळाला. ऑर्थर रोड तुरुंगात कोर्ट बसलं, साक्षी झाल्या, मे २०१० ला शिक्षा झाली, मग उच्च न्यायालय, मग सर्वोच्च न्यायालय. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही, ते सुटले. नाक्यावर मी ओरडत होतो की कशाला पाहिजे खटला, गेट वे वर टांगा. संविधान म्हणालं, नाही. आधी पुरावा. त्या दिवशी संविधान माझ्यापेक्षा शहाणं होतं. गावकुसाबाहेर आपल्याला पुराव्याशिवायच जाळत, मारत आले. पुरावा मागणारं कुणीतरी पाहिजे म्हणून तर आपल्याला ते पुस्तक पाहिजे.

आपल्यातले काही म्हणतात, १९४९ साली याच तारखेला संविधान स्वीकारलं गेलं, २०१५ पासून सरकारी संविधान दिवसही झाला, आणि सव्वीस अकराच्या मेणबत्त्या तो झाकून टाकतात. मला हे पटत नाही. दोन आठवणींची कुस्ती लावायची गरज नाही. प्रास्ताविका पुन्हा नीट वाचा. बंधुता कशासाठी? एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत. आधी व्यक्तीची प्रतिष्ठा, मग राष्ट्राची एकता. क्रम बघा. आपलं राष्ट्रीय स्मरण काय करतं? मागचा अर्धा भाग मोठ्यानं म्हणतं आणि पुढचा अर्धा गिळून टाकतं. एकता, एकता, एकता! आणि व्यक्तीची प्रतिष्ठा? ती भिंतीला टेकून उभी आहे, कार्यक्रम संपला की खुर्च्या उचलायला.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी दोन इशारे दिले होते. एक, राजकारणात समता आणि समाजात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. दुसरा, राजकारणात भक्ती नको, ती हुकूमशाहीकडं नेते. मला ते स्मरणालाही लागू वाटतं. मेलेल्यांची भक्ती करू नका. मेलेल्यांशी बंधुता करा. भक्तीला पुतळा पुरतो. बंधुतेला पत्ता लागतो. त्यांच्या घरात कोण राहिलं, काय खातात, पोरं शाळेत जातात का, हे विचारावं लागतं.

म्हणून मी मेणबत्ती लावणार नाही असं म्हणत नाही. लावू या. पण लावल्यावर ती घेऊन फरशीपर्यंत जाऊ या. ज्यांनी ती फरशी फिनेलनं धुतली, रक्त पुसलं, दुसऱ्या दिवशीच्या लोकलला वाट करून दिली, त्यांना विचारू या, तुम्हाला झोप लागते का? हे विचारण्यात देशद्रोह नाही. प्रास्ताविकेतलं ते अर्धं वाक्य पुरं करणं आहे.

माझा बाप आता निवृत्त झालाय. आज सकाळी मी या हॉलवर आलो तर तो माझ्या आधी येऊन बसलेला. बसलेला कसला, खुर्च्या मांडत होता. माझं डोकंच फिरलं. मी त्याच्या हातातली खुर्ची ओढली. म्हटलं, "बाबा, आज तरी नको." त्यानं ती खुर्ची माझ्याकडून परत घेतली, रांगेत नीट लावली आणि म्हणाला, "मांडू दे रे. आज ह्याच्यावर मीच बसणार हाय."

तो तिथं बसलाय. दुसऱ्या रांगेत. टाळ्या वाजवू नका, त्याला आवडायचं नाही.

जय भीम.